रिकाम्या थांब्याचे गृहीतक

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या विधानावर प्रशिक रंगारीचा विश्वास नव्हता. कांदा कापडाआड असतो, ऊन डोक्यावर असते आणि या दोहोंचा संबंध आजवर कोणी मोजून दाखवलेला नाही, असे तो दर उन्हाळ्यात आईला समजावून सांगे. प्रेमिलाबाई सगळे शांतपणे ऐकून घेत आणि त्याचे बोलणे संपले की त्याच्या खिशात कांदा ठेवीत.

प्रशिक धातुशास्त्रज्ञ होता. कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ का होते, याचा अभ्यास करण्यासाठी तो पाच वर्षे फिनलंडमधल्या ओउलू या गावी राहिला होता. गेल्या दिवाळीनंतर नागपूरला परतून तो मिहान या उद्योगवसाहतीतल्या, विमानांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कंपनीत रुजू झाला. परदेशातून आलेला माणूस चॉकलेटे आणि एखाद्या मनोऱ्यासमोर उभे राहून काढलेले स्वतःचे फोटो घेऊन येतो, असा वस्तीचा आजवरचा अनुभव होता. प्रशिकने चॉकलेटे आणली होती. फोटो मात्र त्याने एकाच बसथांब्याचे आणले होते.

हा थांबा ओउलूत त्याच्या घरासमोर होता. काचेच्या तीन भिंती, एक बाक आणि एक पाटी. दर रविवारी दुपारी रस्त्याच्या अलीकडे ट्रायपॉड उभा करून तो पलीकडच्या थांब्याचा एक फोटो काढी. बर्फाखाली गेलेला थांबा, चिखलातला थांबा, भरदुपारी अंधारलेल्या डिसेंबरातला थांबा. एकाही फोटोत माणूस नव्हता. ऋण पंचवीस अंशांवर तो सहसा नसतोच. आणि एखादा चुकून आलाच, तर प्रशिक तो जाईपर्यंत वाट पाही.

घरच्यांनी हे फोटो जेवणानंतर पाहिले. वडील देवराव यांनी चष्मा पुसून सगळे फोटो एकदा सुलट्या आणि एकदा उलट्या क्रमाने पाहिले.

"तू यातल्या कोणत्या फोटोत येतोस?" त्यांनी विचारले.

"मी फोटो काढणारा आहे, बाबा. मी येत नाही."

शाळेत गणित शिकवणारी धाकटी बहीण पिंकी त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. "दादा," ती म्हणाली, "पाच वर्षांत तुह्याजवळ उभा राहाले एक माणूस नव्हता काय?"

"हा रचनेचा भाग आहे."

"म्हणजे नव्हता."

हे वाक्य प्रशिकच्या मनात कुसळासारखे अडकले. त्याने त्याचा अनेक रात्री प्रतिवाद केला आणि अखेरीस त्या प्रतिवादाला गृहीतकाचे रूप दिले. तापमान एका मर्यादेबाहेर गेले की माणसे सार्वजनिक जागेतून नाहीशी होतात, मग ते तापमान शून्याच्या खाली असो वा खूप वर. म्हणजे रिकामेपण हा तापमानाचा गुणधर्म आहे. तो गावाचा नाही, देशाचा नाही आणि छायाचित्रकाराचा तर मुळीच नाही.

शहरातल्या एका छोट्या कलादालनाने जूनच्या पहिल्या रविवारी त्याच्या फोटोंना जागा दिली. एका भिंतीवर ओउलूचे सोळा फोटो लागणार होते. समोरच्या भिंतीवर एकच मोठी चौकट, आणि तिच्यात नागपूरचा बसथांबा: भर मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांवर, निर्मनुष्य. निमंत्रणपत्रिकेवर 'रिकामेपण हा तापमानाचा गुणधर्म आहे' हे वाक्य छापूनही झाले. तो फोटो तेवढा काढायचा राहिला होता, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात भरदुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे प्रशिकला त्याची काळजी नव्हती.

थांबाही आदर्श मिळाला. उमरेड रोडवर, वस्तीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली एक सिमेंटचा निवारा होता. शहर बस त्या रस्त्याने रोज जात, पण तेथे थांबत नसत. त्या कधीपासून थांबेनाशा झाल्या हे कोणाला आठवत नव्हते, आणि का, हे कोणी विचारले नव्हते.

पहिल्या दुपारी प्रशिक तेथे पोहोचला तेव्हा रस्ता तव्यासारखा तापला होता आणि थांबा पूर्णपणे रिकामा होता. गृहीतक समोर सिद्ध होऊन उभे होते. त्याने रस्त्याच्या अलीकडे ट्रायपॉडचे पाय उघडले, कॅमेरा बसवला आणि भिंगातून पाहिले. थांब्याच्या बरोबर मध्यभागी डोक्याला दुपट्टा बांधलेला एक वृद्ध गृहस्थ बसला होता आणि शर्टाचे वरचे बटण लावत होता.

हे रुपराव. उमरेडजवळच्या कोळसा खाणीतून निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आले होते.

"काका, जरा बाजूला होता का?" प्रशिक रस्त्यापलीकडून ओरडला.

"आँ?"

प्रशिक रस्ता ओलांडून गेला. "मला रिकाम्या थांब्याचा फोटो हवा आहे."

रुपरावांनी त्याच्याकडे आणि मग त्या तीन पायांच्या उपकरणाकडे पाहिले. "इतकी मोठी घोडी घेऊन आले, अन् खाली जागेचा फोटो काढता? कायले वाया घालवता गा?"

"यात फिल्म नसते, काका. काही वाया जात नाही."

"मंग तर काहीच हरकत नाही. काढा." असे म्हणून रुपराव ताठ बसले.

"तुम्ही घरी का जात नाही? केवढे ऊन आहे!"

"म्हणूनच तर नाही जाऊन राहिलो. मी चाललोच होतो, तुम्ही दिसले. अशा उनात एकट्या माणसाले सोडून जातात काय? चक्कर येऊन पडले तर पाणी कोण मारन तोंडावर?" त्यांनी बाकावर हात आपटून जागा दाखवली. "खिशात कांदा हाये ना?"

प्रशिकच्या खिशात कांदा होता. त्याने खिशावर हात ठेवला.

उन्हात एकटा दिसलेला माणूस ही आपली जबाबदारी असते, ही समजूत त्याने हिशेबात धरली नव्हती. परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण झाली: प्रशिक तेथे नसे तेव्हा थांबा रिकामा असे आणि प्रशिक आला की रुपराव येत. निरीक्षणाने निरीक्ष्य वस्तू बदलते, हे त्याने अणूंच्या बाबतीत वाचले होते. रुपरावांच्या बाबतीत ते अधिक काटेकोरपणे खरे होते.

तो वेळ बदलून पाहू लागला. अडीचला गेला तर रुपराव म्हणत, "आज उशीर केला गा, जीव लागला होता." दीडला गेला तर ते हातात पोळीचा घास घेऊनच येत. शिवाय आता त्यांना सोबत मिळू लागली होती. येणारेजाणारे गाड्या थांबवून विचारत, "काय चालू हाये काका?" आणि रुपराव जेवढे ठाऊक होते तेवढेच, म्हणजे खरेच, सांगत: "साहेब फिनलंडहून आले. मिहानमधी मोठ्या पोस्टवर हायेत. रोज बस स्टॉप पाहून राहिले."

या तीन खऱ्या विधानांतून वस्तीने एक निष्कर्ष काढला. बस पुन्हा सुरू होणार होती.

हा निष्कर्ष प्रशिकला गोपिकाबाईंकडून कळला. त्या थांब्यामागच्याच घरात राहत आणि विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. एका दुपारी त्यांनी थांब्यात दोन रांजण मांडले, त्यांना ओले फडके गुंडाळले, वर साखळीने ग्लास बांधला आणि मागे पाणपोईचा फलक लावला. प्रशिक धावतच रस्ता ओलांडून गेला.

"ताई, हे इथे का?"

"लोक बसची वाट पाहून राहिले न उनात. पाणी नको काय?"

"पण बस थांबत नाही इथे!"

"थांबन म्हणते. तुम्हीच तर लागले त्याच्या मागं."

"माझा बसशी काहीही संबंध नाही," प्रशिक म्हणाला. त्याने हे अगदी स्पष्ट, सुटे सुटे उच्चारून सांगितले.

गोपिकाबाई समजुतीने हसल्या आणि बाकावरच्या बायकांकडे वळल्या. "पाहा वं! सरकारी माणूस पयले नाहीच म्हणते. घरकुलाच्या वेळेस बी नाहीच म्हणे."

"मी सरकारी माणूस नाही!"

"हे बी म्हणतेत," मागून रुपराव म्हणाले.

प्रशिकने त्या दिवशी एक फोटो काढला. त्यात दोन रांजण, पाच बायका, रुपराव, एक सायकल आणि पाणी प्यायला आलेली एक शेळी होती. घरी पिंकीने तो पाहिला.

"याच्यात तरी जीव हाये," ती म्हणाली.

"हा फोटो नाही. हा अडथळा आहे."

"तुह्या गृहीतकाचा?"

आपल्याला नेमके काय हवे आहे, हे प्रशिकला कळत होते, आणि कळत असल्याचे त्याला आवडत नव्हते. नागपूरही सेहेचाळीस अंशांवर ओस पडत असेल, तर ओउलूची ती पाच वर्षे हवामानाच्या खात्यावर जमा करता येणार होती. पडत नसेल, तर ती त्याच्या स्वतःच्या खात्यावर राहणार होती.

म्हणून त्याने दिवस निवडला तो बुद्धपौर्णिमेचा. वंदना, प्रवचन आणि मग खीरदान; सबंध वस्ती दुपारभर विहारात असणार आणि रुपरावही खीर सोडून येणार नाहीत. तर्कात कोठेही फट नव्हती. तापमान सकाळीच चढू लागले होते. आईने खिशात कांदा ठेवला तेव्हा त्याने आनंदाच्या भरात विरोधही केला नाही.

तो पोहोचला तेव्हा थांब्यावर किमान सव्वाशे माणसे होती. कडुनिंबापासून पलीकडच्या खांबापर्यंत पंचशील पताका बांधल्या होत्या. निवाऱ्यात, चौकटीच्या बरोबर मध्यभागी, खिरीचा भलामोठा गंज, म्हणजे पातेले, ठेवलेला होता आणि त्यामागे गोपिकाबाई पळी घेऊन उभ्या होत्या.

"जय भीम, साहेब! या!" त्या ओरडल्या. "विहारावरचे टिन तापून राहिले होते. म्हटलं, तिकडं सावली हाये, पाणी हाये, अन् तुमच्यामुळं माणसं तर रोज जमतातच. मंग इथंच वाटू खीर!"

"माझ्यामुळं?" प्रशिक म्हणाला. रागाच्या भरात त्याची प्रमाणभाषा गळून पडली. "मले तर इथं कोणीच नको होतं वं बाई!"

"हाव न," गोपिकाबाई द्रोण भरत म्हणाल्या. "आधी खीर खा, मंग बोला."

नेमक्या त्या वेळी उमरेडच्या बाजूने शहर बस आली. रोजच्याप्रमाणे ती न थांबता जाणार होती. परंतु चालकाला थांब्यावर पताका, गर्दी, रांजण आणि समोर तीन पायांवर रोखलेला कॅमेरा दिसला. असे दृश्य पाहून त्याने आपल्या अनुभवानुसार अनुमान काढले की, कोणत्या तरी वरिष्ठांच्या उपस्थितीत थांब्याचे उद्घाटन चालू आहे आणि त्याला मात्र कोणी कळवलेले नाही. त्याने करकचून ब्रेक दाबला.

मग जो जल्लोष झाला, तो प्रशिकने ओउलूत पाच वर्षांत सगळा मिळूनही ऐकला नव्हता. रुपरावांनी दुपट्टा हवेत उडवला. लोक बसमध्ये घुसले. काहींना सीताबर्डीला जायचे होते, काहींना महालात, आणि बहुतेकांना कोठेच जायचे नव्हते, पण बस थांबली असताना न चढणे त्यांना बरे वाटेना. गोपिकाबाईंनी गंज आत घेतला. चालकाला खीर मिळाली. वाहकाला खीर मिळाली.

प्रशिकच्या लक्षात आले की, बसच्या पलीकडे, त्याला न दिसणारा थांबा आता रिकामा झाला आहे.

तो कॅमेऱ्यावर वाकला. बस निघाली की समोर ते दृश्य येणार होते. तापमान सेहेचाळीस, प्रकाश कडक, माणूस एकही नाही. त्याने श्वास रोखला. बस निघेना.

"साहेब, चला न!" खिडकीतून रुपराव हाका मारत होते.

"तुम्ही जा!" प्रशिक हात हलवत ओरडला.

"ज्यानं बस आणली तोच मागं राहते काय? चला!"

चालकाने मान बाहेर काढली. "साहेब, आप बैठे बिना गाडी नाही हालत. आमची नोकरी हाये बाप्पा. उद्या तुम्ही लिहून टाकसान, उद्घाटनाले आलेल्या साहेबाले सोडून गेला म्हणून."

प्रशिकने परिस्थितीचे विश्लेषण केले. बस असेपर्यंत थांबा दिसणार नव्हता. तो चढल्याशिवाय बस जाणार नव्हती. आणि तो चढला तर कॅमेऱ्यामागे कोणी उरणार नव्हते. थांबा रिकामा होता, फक्त त्याला पाहणारा माणूस जगात असू शकत नव्हता. यात कोठे तरी तर्कदोष असावा म्हणून त्याने पुन्हा सुरुवातीपासून विचार केला; तेवढ्यात चालकाने भोंगा वाजवला, सव्वाशे माणसे एका सुरात "चला, साहेब" म्हणाली, आणि प्रशिक ट्रायपॉड मिटून बसमध्ये चढला.

त्याला रुपरावांशेजारी खिडकीची जागा मिळाली. बस हलली. खिडकीतून थांबा दिसला: पांढऱ्या उन्हात चिरल्यासारखी सावली, मोकळा बाक, स्थिर पताका. एकही माणूस नाही, शेळीही नाही. पाच वर्षांत त्याला ओउलूतही इतकी निर्दोष रचना मिळाली नव्हती. कॅमेरा त्याच्या मांडीवर पिशवीत होता आणि पिशवीवर खिरीचा द्रोण.

रुपरावांनी त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिले. "झाला बा खाली आता," ते समाधानाने म्हणाले. "काढा न फोटो."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच बस तेथे थांबू लागल्या. एका चालकाने थांबवली म्हणजे आदेश निघाला असणार, असे बाकीच्यांनी धरले. ज्या थांब्यावर बस थांबते तेथे माणसे असतात, इतके गणित प्रशिकला पिंकीशिवायही येत होते. तिने अखेरचा उपाय सुचवला.

"अरे, आता मोबाइलवर बोट फिरवलं की माणूस फोटोतून जाते. पुसून टाक न सगळ्याईले."

"माणूस जातो, पण मग तो पुरावा राहत नाही."

"दोन मिनिटांचं काम हाये."

प्रशिकने बुद्धपौर्णिमेच्या आधीचा एक फोटो उघडला आणि रुपरावांवर बोट ठेवले. शर्टाचे वरचे बटण लावलेले रुपराव थेट त्याच्याकडे पाहत होते. त्याने बोट उचलले.

"नाही," तो म्हणाला. "निष्कर्ष आवडला नाही म्हणून निरीक्षण पुसत नसतात."

जूनच्या पहिल्या रविवारी दालनात एका भिंतीवर सोळा फोटो होते. समोरच्या भिंतीवर मोठी चौकट पांढरीच टांगली होती, आणि तिच्याखाली प्रशिकने स्वतः लिहिलेले एक कार्ड होते: 'नागपूर, सेहेचाळीस अंश. माणसे नाहीशी झाली नाहीत. गृहीतक टिकले नाही. अन्य कारणे तपासावी लागतील.'

"चला," पिंकी म्हणाली, "चौकट तरी खाली राहिली." मग तिने कार्डावरची शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि कार्डाचा वर आलेला कोपरा बोटाने दाबून बसवला.

संध्याकाळी बाहेर बस थांबल्याचा आवाज आला आणि थांब्यावरची मंडळी आत आली. गोपिकाबाईंनी सोळाही फोटोंसमोर क्रमाने उभे राहून पाहिले. "इतकं हिंडले, पण पाणपोई कुठंच दिसली नाही बाई," त्यांनी नोंदवले. देवराव प्रत्येकाला सांगत होते की, प्रशिक यांपैकी कोणत्याही फोटोत नाही, शोधू नका.

रुपराव मात्र सगळ्यांत मोठ्या फोटोपुढे थबकले. बर्फ, काचेचा निवारा, मोकळा बाक. बराच वेळ त्यांनी तो पाहिला.

"इथं तुम्ही एकटेच उभे राहत होते काय गा?"

"हो."

"दर रविवारी?"

"हो, काका."

"कोणी म्हटलं बी नाही, का बाबू, थंडीत काहून उभा हायेस?"

प्रशिकने नीट आठवून पाहिले. एक म्हातारी बाई एकदा थांबली होती. तिने काही तरी विचारलेही होते. ती चौकटीतून बाजूला व्हावी म्हणून तो वाट पाहत राहिला होता, आणि मग ती निघून गेली होती.

"एकदा म्हटले होते," तो म्हणाला. "मी उत्तर दिले नाही."

फोटोंकडे बसून पाहता यावे म्हणून दालनाने ठेवलेला बाक रुपरावांनी ओढून भिंतीशी लावला आणि फोटोकडे पाठ करून ते त्यावर बसले. त्यांच्या मागे बर्फ होता, दोन्ही बाजूंना काच होती. त्यांनी दुपट्टा कानांवरून घट्ट गुंडाळला.

"काका, फोटो तिकडे आहे. तोंड वळवून बसा."

"पाहिला न. आता बसची वाट पाहून राहिलो." त्यांनी बाकावर हात आपटला. गोपिकाबाई त्यांच्या शेजारी बसल्या, मग आणखी दोघी, मग देवराव. सगळे उजवीकडे मान वळवून पाहू लागले.

प्रशिकला ते पाहवेना. "तिकडून नाही," तो म्हणाला. "फिनलंडमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. थांब्यावर बसलेल्या माणसाला बस डावीकडून येताना दिसते."

"असं सांगा न," रुपराव म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डावीकडे वळवल्या. "अन् तुम्ही तिकडं काहून उभे? सरका वं जरा, साहेबाले जागा द्या."

जागा खरे तर नव्हती, पण ती झाली. खिशातला कांदा रुतू लागला म्हणून प्रशिकने तो काढून हातात धरला. पिंकीने त्याचा कॅमेरा उचलला, घोडीवर बसवला आणि भिंगातून पाहिले.

"दादा, इकडं पाहा."

परंतु प्रशिक डावीकडे पाहत होता. पाच वर्षांची सवय होती, आणि बस त्याच बाजूने येत असे.